पाठमोरा तांडेल

आमच्या पडवीतून तो दिसायचा तो पाठमोराच. डोक्याला मुंडासं, रुंद खांदे, डावा हात कमरेवर आणि उजवा सुकाणूच्या दांड्यावर. त्याचं तोंड बघायचं तर मांडवीच्या बंदरावर जायचं, त्याला वळसा घालून धक्क्याच्या टोकाशी उभं राहायचं आणि मग मागे बघायचं. आगबोटीतून उतरणारे पाहुणे त्याला आधी समोरून बघत. आम्ही वाडीतली माणसं मात्र जन्मभर त्याची पाठच बघत आलो.

शाळेतले मास्तर पोरांना तिथे नेऊन सांगतात, हा आपल्या किनाऱ्याचा दर्यावर्दी, आरमाराच्या काळापासून चालत आलेल्या परंपरेची खूण. खोटं नाही ते. पण मला विचाराल तर तो माझ्या थोरल्या दिरांचा पुतळा आहे, आणि एवढं वय झालं तरी तिन्हीसांजेला मी त्या बाजूला जात नाही. मी मुळात फटकळ बाई, भुताखेतांना भीक घालणारी नव्हे. पण त्याची भीती वाटते ती वाटते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे दीर जाऊन काही वर्षं लोटली होती. ते गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबताचे धनी म्हणा ना, खलाशांचे जीव ज्याच्या हाती तो माणूस. मुंबईहून मीठ आणि साखर भरून घरी येताना जयगडच्या पुढे वादळात गलबत फुटलं. खलाशी सगळे आमच्याच वाडीतले. त्यांची प्रेतं एकेक करून गणपतीपुळ्याच्या आणि आसपासच्या पुळणीवर लागली. माझ्या दिरांचं तेवढं सापडलं नाही.

प्रेत नाही, म्हणून माझ्या थोरल्या जाऊबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं. मी त्यांना अक्का म्हणायची. वाडीतल्या त्या सगळ्या खलाशांच्या बायका कपाळं पांढरी करून बसलेल्या, आणि त्यांच्यात ही एकटी ठसठशीत कुंकू लावून विहिरीवर उभी. कुणी तोंडावर बोलत नसे. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या अक्काच्या कपाळाकडे बघायच्या आणि कळशी बुडवायच्या. अक्का पाणी भरून मान ताठ ठेवून परत यायची, आणि घरात आली की चुलीपाशी बसून उगाच लाकडं मागेपुढे करायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण ती एकदाही गेली नाही.

दिरांची एक जाडी बंडी मधल्या खोलीत खुंटीला होती. अक्का ती दर सोमवारी धुवायची, वळणीवर वाळत घालायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. वारा सुटला की वळणीवर ती बंडी फुगायची, आत कुणी अंग घातल्यासारखी. नवी नवरी मी, घाबरून आत पळायची. अक्का म्हणायची, “भितंस काय गो? घरचाच मानूस हाय.” ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याच्या बंडीला मी घरात वावरताना वाट देत असे.

सासरे एके काळचे पट्टीचे खलाशी. पण थोरल्याला दर्याने नेल्यावर त्यांनी धाकट्याला, म्हणजे माझ्या यजमानांना, गुडघाभर पाण्यातही जाऊ दिलं नाही. यजमान बंदरावरच्या हापिसात कारकून झाले. आगबोट आली की टोपी सावरत धक्क्यावर जायचं आणि गेली की घरी यायचं. दर्यावर्दी घराण्यातला माणूस तो, होडीत बसला की त्याला मळमळायचं.

पुतळ्याची टूम निघाली ती गावातल्या शिकल्यासवरल्या मंडळींकडून. एक वकील, एक पेढीवाले आणि शाळेचे हेडमास्तर. देशावर जिथे तिथे पुतळे उभे राहतायत, मग आपल्या किनाऱ्याने काय घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल. आरमारातला वीर उभा करायचा, हातात नंगी तलवार द्यायची, असं ठरलं. कागद वर गेले. गोऱ्या साहेबाला तलवार आवडली नाही. मंडळींनी पुष्कळ डोकं खाजवलं आणि तलवारीच्या जागी सुकाणूचा दांडा दिला. साहेब खूश, मंडळीही खूश. हात तसाच राहिला, नुसती मुठीतली वस्तू बदलली.

पुतळा करायचं काम गेलं गणपती करणाऱ्याकडे. त्याची गणपतीची शाळा आमच्या वाडीच्या तोंडाशीच. दर श्रावणात आमच्या घरचा पाट मूर्तीसाठी त्याच्याकडेच जायचा. हा माणूस माझ्या दिरांचा बाळमित्र, दोघं एकत्र पोहायला शिकलेले. मध्ये दोनेक वर्षं तो मुंबईला जाऊन इमारतींवरचं सिमेंटचं नक्षीकाम शिकून आला होता. धक्क्याजवळ झावळ्यांचा मांडव घालून त्याने जांभ्याचा गाभा रचला आणि त्यावर सिमेंट चढवायला घेतलं. तोंडाचं काम सुरू झालं तसं त्याने मांडवाला आतून गोणपाट लावलं आणि कुणाला म्हणून आत येऊ दिलं नाही. मंडळींना वाटलं, कलावंत आहे, चालायचंच.

तोंड कुणीकडे करायचं यावरूनही वाद झाला. वकील म्हणाले, गावाकडे, म्हणजे लोकांना बघता येईल. गणपतीवाला एरवी गरीब गाय, पण तिथे मात्र हटून बसला. दर्याकडेच तोंड हवं, नाहीतर मी पुढे काम करत नाही, म्हणाला. असा तो वाडीकडे पाठ करून उभा राहिला.

नारळी पौर्णिमेला पडदा उघडला. सगळी वाडी नटूनथटून बंदरावर गेली होती, हातात सोन्याचा कागद लावलेले नारळ. सासऱ्यांना आम्ही पुढे खुर्चीवर बसवलं होतं. हेडमास्तरांनी दोरी ओढली, पडदा खाली आला, आणि टाळ्या वाजायच्या जागी आमच्या वाडीच्या बाजूला सगळं गपगार झालं. सासरे खुर्चीतून उठले आणि त्यांनी पुतळ्याकडे हात पसरले. “माजा पोरगा ह्यो,” ते म्हणाले, “माजा पोरगा.” यजमानांनी त्यांना धरून पुन्हा खुर्चीत बसवलं.

मी तोंड वर करून बघितलं. माझ्या नवऱ्याची हनुवटी, सासऱ्यांचं नाक. ज्याच्या बंडीला मी भीत होते तो माणूस मला पहिल्यांदा दिसला. डोळ्यांत बुबुळं कोरली नव्हती. आमच्याकडे मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी आखतात, तसे ते आखायचे राहून गेले असं वाटत होतं. त्या बिनबुबुळांच्या डोळ्यांनी तो माझ्या डोक्यावरून लांब कुठेतरी बघत होता. 

वकिलांना यातलं काही कळलं नाही. ते भाषणाला उभे राहिले. पुतळ्याच्या डाव्या भुवईवर एक खोक होती, भुवई मधोमध तुटलेली. तिकडे बोट करून ते म्हणाले, “बघा, शत्रूच्या तलवारीची ही निशाणी! शिल्पकाराने काय बहार केली आहे!” तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. वाडीतल्या एका खलाशाच्या विधवेने पुढे होऊन पुतळ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्यामागची दुसरी आल्या पावली परत फिरली. अक्का जागची हलली नाही. ती त्या भुवईकडे बघत होती, आणि नारळ दर्यात सोडायचाही तिला विसर पडला.

त्या दिवसापासून आमच्या घराचं स्वास्थ्य गेलं. मी मासळी आणायला धक्क्यावर जायची तर तो समोर. खारा वारा वाहायला लागला की सुकाणूच्या पोकळ दांड्यातून घुं घुं आवाज यायचा, आणि तो आमच्या पडवीपर्यंत पोचायचा. सासऱ्यांनी अंथरूण धरलं. पोर आपल्याला हाक मारतोय, त्याला गती मिळाली नाही म्हणून दगडात येऊन उभा राहिलाय, असं त्यांच्या मनाने घेतलं.

भटजींना बोलावलं. आमच्यात रीत आहे. माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं त्याची खबर नाही, तर तो गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा त्याचा देह करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्या देहाला रीतसर अग्नी द्यायचा. दिरांची बारा वर्षं भरत आली होती. सासरे अक्काला म्हणाले, “बाय, माजे डोळे मिटायच्या आदी माज्या पोराला वाटंला लाव. तुजा कपाळ मी मागतंय, ठावं हाय मला. पन मागतंय.”

अक्का म्हणाली, “दोन दीस द्या मामंजी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला बरोबर घेतलं आणि आम्ही गणपतीच्या शाळेत गेलो. विसर्जनं होऊन गेली होती. शाळा रिकामी, कोपऱ्यात साचे उपडे घातलेले, फळ्यांवर रंगांचे डाग. गणपतीवाला एकटाच बसला होता. अक्काला बघून उठला आणि उगाच पंच्याला हात पुसायला लागला.

“भावजी,” अक्का म्हणाली, “ती भुवयवरची खोक कुठनं आनलात?”

“मंडळींनी सांगितलानी, वैनी. लढवय्या दिसाया पायजे म्हनून.”

“मंडळींनी मागनं कवतिक केलानी. आदी कुनी सांगितला न्हवता. माजे घरकार गेले तवा भुवय सलग व्हती. म्या रोज बघितलेली हाय.”

 अक्का खाली बसली, पालथ्या साच्यांच्या मधोमध, आणि वाट बघत राहिली. शेवटी तोही तिच्यासमोर बसला.

“मला शपथ घातलान त्यानं, वैनी,” तो म्हणाला. “तोंडातनं अक्षर काडशील तर तुज्या हातचा गनपती पाटावरच भंगंल, म्हनाला. म्या तोंड उघडला न्हाय. हातांना शपथ न्हवती घातलेली.”

 अक्काने आवाज चढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. “कुठं हायत?” तिने विचारलं.

“मुंबयला. गोदीत हमाली करतो. तितंच बोज्याचा आकडा लागला कपाळाला. दुसऱ्या गलबतानं उचलून नेलानी त्याला, त्या वादळात.”

“बाय ठेवलानी हाय?”

“न्हाय. एकटाच हाय. धा जनांच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजतो.”

“मग येत का न्हायत?”

गणपतीवाल्याने मान खाली घातली. “खलाशी समदे गेले नि तांडेल तेवडा वाचला. त्यांच्या बायकांना मी कसा तोंड दाखवू, म्हनाला.”

अक्काने शेजारचा एक पालथा साचा उताणा केला. मग म्हणाली, “म्या दाखवला न्हवा? बारा वर्सा म्या दाखवला ना तोंड त्या बायकांना, रोज, हिरीवर?”

अक्का पदर झटकून उठली. 

घरी परतताना ती वाट वाकडी करून बंदरावर गेली आणि पुतळ्यासमोर उभी राहिली. मी मागे उभी. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर एखादा दगड तरी फेकून मारेल. ती नुसती बघत होती, विहिरीवरच्या बायका तिच्याकडे बघायच्या तशी. मग वळली आणि मला म्हणाली, “तुज्या घरकारांना सांग, पळसाची पाना आनाया.”

“अक्का,” मी म्हटलं, “ते जिते हायत. जित्या मानसाचा कसा करायचा?”

“तांडेल गलबतासंगती जातो,” ती म्हणाली. “खलाशांच्या बायकांनी त्याच दिशी कुकू पुसलानी. मी उगाच मागं रायली.”

पानांचा निरोप तेवढा मी दिला. बाकी कुणाला काही सांगितलं नाही, यजमानांनाही नाही. कुंकू तिचं होतं, ठेवायचं की पुसायचं हे सांगणारी मी कोण? याचा मला कधी पस्तावा झाला नाही.

खाडीच्या काठाला विधी झाला. पळसाची पानं दर्भाने बांधून भटजींनी हातपाय केले, छाती केली, वर नारळ ठेवला. अक्काने खुंटीवरची ती बंडी आणली आणि स्वतः त्या पानांच्या अंगावर पसरली. यजमानांनी अग्नी दिला. नारळ तडकला तेव्हा सासरे मोठ्याने रडले, आणि मग त्यांचा चेहरा निवला. अक्काच्या बांगड्या फोडायला वाडीतल्या त्याच बायका पुढे आल्या. त्या हुंदके देत होत्या. बारा वर्षांचं त्यांच्या मनातलं किल्मिष त्या दिवशी धुऊन गेलं असावं, कारण तिला पोटाशी धरून त्यांनी घरी आणलं आणि तिच्या हातांना तेल लावलं. अक्का मात्र कोरड्या डोळ्यांनी सगळं करून घेत होती.

पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या माडावर ओळीने बसलेले, पण एकही खाली उतरेना. यजमान हात जोडून म्हणाले, “वैनीला मी अंतर देनार न्हाय.” सासरे म्हणाले, घरात अर्धा वाटा तिचा. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी वाट बघ बघ बघितली. ऊन डोक्यावर आलं. अक्का माझ्या कानाशी लागून म्हणाली, “शिवल कसा गो?”  शेवटी भटजींनी दर्भाचाच कावळा केला आणि पिंडाला शिववला.

पोर वाटेला लागला या समाधानात सासरे त्याच हिवाळ्यात गेले. त्यानंतर दर भाद्रपदात आमच्याकडे पितरांच्या म्हाळाच्या दिवशी दोन पानं निघायची. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी, भातावर काळे तीळ. यजमान ती पानं विहिरीच्या कठड्यावर ठेवायचे, एक सासऱ्यांचं आणि एक दिरांचं. सासऱ्यांच्या पानावर कावळे तुटून पडायचे. दिरांचं पान तसंच राहायचं. तीच खीर, तेच वडे, हातभर अंतरावर. शेवटी दुपार टळली की अक्का ते गाईला घालायची आणि मग आम्ही जेवायचो. यजमान दरवर्षी विचारायचे, “दादाच्या पानाला शिवला?” अक्का दरवर्षी मान हलवून नाही म्हणायची. घरावर काहीतरी आहे असं त्यांनी मनात धरलं होतं. नारळी पौर्णिमेला ते न चुकता पुतळ्याला हार घालायचे, अंगारे आणायचे, नवस बोलायचे. अक्काने मात्र पुतळ्याचं तोंड पुन्हा बघितलं नाही.

अशी काही वर्षं गेली. पुतळ्याच्या सिमेंटला लोणा लागला. नाकाचं टोक झिजलं, ओठ पुसट झाले, ती खोकही भरून आल्यासारखी दिसायला लागली. वाडीतल्या नव्या पोरांना हा आपल्यातल्याच कुणाचा चेहरा आहे हे ठाऊकही नव्हतं.

म्हाळाचाच दिवस होता. पावसाळ्यात बंद असलेल्या आगबोटी नुकत्या सुरू झाल्या होत्या. यजमान पानं ठेवून धक्क्यावर गेले होते. मी पडवीत वडे झाकत होते आणि सहज बंदराकडे नजर गेली, तर पुतळ्याची नेहमीची पाठ, आणि तिच्या पलीकडे एक माणूस वाडीकडे तोंड करून उभा. पुतळ्याच्या कडेने तो आमच्याच घराकडे बघत असावा. बराच वेळ तसा उभा होता. मग मुंडासं कपाळावर ओढून तो आमच्या वाटेने चालायला लागला.

अंगणात येऊन तो थांबला. “पानी मिळल काय?” म्हणाला. मी तांब्या दिला. पाणी पिताना मान मागे गेली आणि मुंडासं सरकलं. डावी भुवई मधोमध तुटलेली. केस पांढरे, गाल बसलेले, पण नाक शाबूत, सासऱ्यांचं नाक. अक्का सोडली तर त्या वाडीत त्याला ओळखणारी मीच उरले होते म्हणा, कारण मी त्याला तरुणपणी कधी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं ते हेच तोंड.

 अक्का आतून आली. दाराच्या चौकटीला तिने हात लावला आणि उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या कपाळाकडे बघितलं, आणि तो पायरीवर बसला.  माडावर कावळे ओरडत होते.

अक्का विहिरीकडे गेली. कठड्यावरचं दिरांचं पान तिने दोन्ही हातांनी उचललं, आणून त्याच्यापुढे ठेवलं. कोकणातला माणूस तो, भातावरचे काळे तीळ बघून त्याला कळायचं ते कळलं. तरी त्याने विचारलं, “कुनाचा पान ह्या?”

“घरच्या थोरल्या मुलाचा,” अक्का म्हणाली. “खलाशांसंगती गेला.”

 पहिला घास त्याने उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग तो मान खाली घालून जेवला. खीर, वडे, आमटी, तिळाचा भात, सगळं. पानावर शीत ठेवलं नाही. डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून पानात पडत होतं, ते त्याने पुसलं नाही. अक्का जेवण होईपर्यंत समोर उभी होती, आणि एकदाच तिने पुढे होऊन पाण्याचा तांब्या भरून ठेवला. मी भिंतीला टेकून होते. मला त्याची कीव आली, आणि तिची जास्त आली.

हात धुऊन तो उठला. अक्काकडे बघून त्याने हात जोडले, जसे देवळातून निघताना जोडतात, आणि आला तसा बंदराच्या वाटेने गेला. पुतळ्यापाशी पोचल्यावर तो त्याच्या आड झाला आणि मग मला दिसला नाही. आगबोटीचा भोंगा वाजला.

यजमान घामाघूम होऊन घरी आले. टोपी काढता काढता त्यांनी विहिरीकडे बघितलं. “दादाच्या पानाला शिवला?”

“शिवला,” अक्का म्हणाली, आणि आम्हा सगळ्यांची पानं मांडायला घेतली.